तोटीखालचा डाग

आमच्या विहिरीचं पाणी मुळातच लोखंडी.
ग्लासात निवळशंख दिसतं,
उभं राहिलं की तांबूस होतं,
एखाद्याला राग उशिरा यावा तसं.
गावाखाली खाण, खाणीत आमच्या तीन पिढ्या.
लोखंडाचे चणे त्यांनी दिवसभर खाल्ले
आणि घरी येऊन वर तेच पाणी प्यायले.

खाण बंद पडली. तोटी ठिबकत राहिली.
बाबांनी अख्ख्या गल्लीचे नळ दुरुस्त केले,
आमच्या टबाचा वायसर मात्र
'या शनिवारी' बदलायचा होता,
एकतीस वर्षं.

तसा टब त्यांच्या लेखी परकाच.
टबात बसणं म्हणजे आपल्याच मळाचं सूप, म्हणायचे.
आम्ही फिनलंडची माणसं, अंघोळ अंगणातल्या सौनात:
तापलेले दगड, वाफ,
मग उघड्यानं बर्फात उडी आणि आरडाओरडा.
एप्रिलमध्ये मात्र त्यांना टब आठवायचा.
सरोवरातून आणलेले बादल्याबादल्या स्मेल्ट
त्यात ओतून ते झोपायला जायचे.
आई मुकाट्यानं उपसायची.
टब तिचा होता. कॅटलॉगमधून मागवलेला,
शिवणाच्या पैशांतून.

डाग तोटीपासून थेट जाळीपर्यंत,
हातभर लांब, कोल्ह्याच्या शेपटासारखा.
दर गुरुवारी आई ब्लीचची बाटली घेऊन आत जायची,
कडी लावायची.
वासानं बाहेर आमचे डोळे चुरचुरायचे.
कुणी दार वाजवायचं नाही.
तासाभरानं ती यायची,
बोटं सुरकुतलेली, मानेवरचे केस ओले,
आणि डाग तिथल्या तिथेच.
उलट जरा गडद.

आता घर विकायचंय.
मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या, छप्पर चालेल, तळघर चालेल,
पण असला टब पाहून लोक हजार डॉलर कमी करतात.
म्हणून फेब्रुवारीतल्या त्या थंडीत
मी तीन लिंबं कोटाच्या आत धरून आणली,
गोठू नयेत म्हणून, पिल्लं आणावीत तशी.

शेजारची हिल्या न बोलावता आली,
कमोडचं झाकण पाडून त्यावर बसली,
काठी मांडीवर आडवी.
"अर्धं काप. जाड मीठ लाव. चोळ.
आता हात लावू नकोस, कॉफी कर.
उरलंच काही तर व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून चिकटव.
आणि ती ब्लीचची बाटली आधी बाहेर ठेव,
दोन्ही एकत्र आली तर छातीत भरेल.
शिवाय ब्लीचनं गंज जात नाही, सिर्क्का.
मुरतो."

मुरतो.
म्हणजे आईनं तो
बरणीतल्या हेरिंगसारखा मुरवत आणला, गुरुवार गुरुवार करत.

"हे तिला कुणी सांगितलं नाही?"

"मीच सांगितलं होतं की. सत्त्याहत्तर साली,
याच खोलीत.
ती म्हणाली, हिल्या,
लिंबाचा वास आला तर सगळे आत येतील."

मग ती गुडघा चोळत बसली.
कॉफी गार झाली. आणखी काही विचारावं
असं मला वाटलं नाही, किंवा सुचलं नाही.

डाग अर्ध्या तासात निघाला.
मी बाह्या सारून, जुनी पँट चढवून
लढायच्या तयारीनं आले होते.
नुसतं पुसलं. पिवळं पाणी जाळीतून गेलं,
आवाजही न करता.
खाली मुलामा पांढरा, पण किंचित खरखरीत,
जिथे तिची घासणी फिरत असेल,
किंवा फिरल्यासारखी वाजत असेल.
डोळ्यांना कळत नाही. बोटाला कळतं.

हिल्याला तिच्या पायरीपर्यंत पोचवून आले.
नळ सोडला. या घरात गरम पाणी यायला वेळ लागतो.
घरात कुणी नाही, पलंगसुद्धा गेलेत,
तरी कडी लावली.

पाणी थोडं तांबूस होतं.
ओट्यावर फोन वाजत होता,
मिसेस लिंडक्विस्टच असणार.
मी पाय लांब केले.